विक्रोळीतून औलीला, बूट फुटेपर्यंत

बूट फुटला. म्हणजे शिवण उसवली, सोल सुटला असलं काही नाही, कपबशी फुटते तसा फुटला. टाचेचा तुकडा स्कीच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्यात, अडकून राहिला, उरलेला बूट माझ्या पायात, मी उत्तराखंडातल्या औलीच्या उतारावर एका कुशीवर आडवी, समोर पांढरं, मागे पांढरं, वर पांढरं, आणि खाली कुठेतरी माझा 19 वर्षांचा भाचा बोंबलतोय, "मावशीऽऽ, आहेस ना?"

आहे बाबा. जातेय कुठे.

तर ते सांगतेच, पण त्याआधी विक्रोळीच्या बाईकडे स्वतःचे स्कीचे बूट आले कुठून ते सांगायला लागेल, कारण हा प्रश्न मला सोसायटीच्या वॉचमनपासून रेल्वेच्या टीसीपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय.

2014 च्या फेब्रुवारीत एका मैत्रिणीने औलीच्या सात दिवसांच्या स्की कोर्सचे पैसे भरले होते, तिच्या दिराचं लग्न नेमकं त्याच आठवड्यात निघालं, पैसे परत मिळेनात, मग तिच्या जागी मी गेले. बर्फ बघायला मिळेल एवढाच हिशोब होता. पहिल्या दिवशी एकाच पायात स्की घालून चालायला लावतात, लंगडीसारखं. मग दोन्ही पायांत. लिफ्टचं नाव काढायचं नाही, जेवढं उतरायचंय तेवढं आधी स्वतःच्या पायांनी चढायचं, एकतर आडवं उभं राहून एकेक पाऊल वर टाकत नाहीतर स्कीची पुढची टोकं फाकवून बदकासारखं. उतरताना बरोबर उलटं, टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवायची, तो स्नोप्लाव, नवशिक्याचा ब्रेक तोच. आमचे गढवाली इन्स्ट्रक्टर, सगळे त्यांना भैजी म्हणायचे, त्यांचं दिवसभर एकच पालुपद, "नीचे मत देखो, जहाँ देखोगे वहीं जाओगे." आणि मी खाली बघायचे आणि खालीच जायचे. सातव्या दिवशी सलग तीन वळणं जमली. चौथ्याला शेजारी सराव करणाऱ्या आयटीबीपीच्या जवानांच्या रांगेपुढे जाऊन बसले, अक्षरशः बसले, आणि त्यातला एकजण इतक्या गंभीर चेहऱ्याने "जय हिंद मॅडम" म्हणाला की ते अजून कानात आहे.

तेव्हापासून दर फेब्रुवारीला जाते. 2021 तेवढं कोविडने खाल्लं. ऑफिसात आता रजेचा अर्ज टाकला की कोणी कारण विचारत नाही, "चालली माहेरी" म्हणतात. आधी राग यायचा, आता म्हणते बरोबरच आहे की, माहेरी जाताना हवामानाचा अंदाज बघून कोण जातं? एका वर्षी तर गेले आणि बर्फच नाही. उतारावर पिवळं गवत आणि त्यात घोडे चरतायत. म्हणजे माहेरी जावं आणि दाराला कुलूप असावं तसं. पण परत फिरले नाही, चार दिवस गोरसोन बुग्यालापर्यंत (बुग्याल म्हणजे डोंगरावरचं कुरण) चालले, ढाब्यावर मॅगी खाल्ली, भैजींच्या घरी गहतची डाळ आणि मंडुव्याची भाकरी जेवले (कुळीथ आणि नाचणीच हो, नावं तेवढी वेगळी) आणि परत आले. अशी कोरडी वर्षं आता वाढलीत. औलीतल्या स्पर्धा बर्फ नाही म्हणून रद्द झाल्याच्या बातम्या येतात तेव्हा ऑफिसातले मला फॉरवर्ड करतात, वर "माहेरी सगळं ठीक ना?"

परदेशात म्हणे स्की करणाऱ्यांचा एक घरचा डोंगर असतो, शनिवारी सकाळी उठायचं, गाडीवर स्की टाकायच्या, दोन तासांत उतारावर. आपला घरचा डोंगर सह्याद्री, तो पावसाळ्यात काय ती घसरगुंडी देतो तेवढीच. मुंबईतला आजवरचा थंडीचा विक्रम म्हणजे 22 जानेवारी 1962, 7.4 अंश. आई त्या दिवसाबद्दल अजून असं सांगते की जणू दादरला हिमयुग आलं होतं. बाकी आमच्याकडे 18 झालं की स्वेटर निघतात आणि व्हॉट्सअपवर धुक्याचे फोटो. तर माझा घरचा डोंगर आहे जवळपास दोन हजार किलोमीटरवर, आणि त्याच्यासाठीचं सामान राहतं विक्रोळीतल्या वन बीएचकेच्या माळ्यावर.

खरी भानगड तिथेच आहे. स्की आहेत 158 सेंटीमीटरच्या, मनालीच्या एका दुकानातून सेकंड हँड घेतलेल्या, 2015 ला, आणि बूटही तिथलेच. स्कीच्या दोन्ही कडांना पोलादाची पट्टी असते, एज म्हणतात, कडक बर्फावर पकड धरते ती तीच. आता मुंबईचा जून ते सप्टेंबर डोळ्यासमोर आणा. माझ्याकडे पहिल्या पावसाळ्यानंतर माळ्यावरून स्की काढल्या तर कडा खिडकीच्या गजासारख्या तांबड्या. रडायचीच बाकी होते. मग शिकले, मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, स्कीच्या तळाला आणि कडांना मेणाचा जाड थर द्यायचा आणि तो तसाच ठेवायचा, जानेवारीत खरवडायचा. आईची जुनी इस्त्री आता त्याच कामाला आहे. मे महिना, पंखा बंद (मेण लगेच गार होतं ना), दोन खुर्च्यांवर आडवी स्की, इस्त्रीवरून मेण टपटप, माझ्या नाकावरून घाम टपटप. समोरच्या काकू एकदा दारातून डोकावून म्हणाल्या, "पडद्याची पट्टी का गं? माझीही एक आहे, करून देशील?"

स्कीची अशी काळजी घेतली. बुटांची नाही. प्लास्टिकला काय होणार, असं मला वाटायचं.

प्लास्टिकलाच होतं. स्कीच्या बुटाचं कवच बहुतेक पॉलियुरेथेनचं असतं आणि त्याला दमट हवा आतून खाते. पाण्याची वाफ त्या प्लास्टिकची साखळी हळूहळू तोडत राहते, उष्मा असेल तर आणखी भरभर, आणि वरून बूट अगदी नवाकोरा दिसतो. मग एक दिवस थंडीत जोर पडला की ठिकऱ्या. आणि ही गोष्ट मला माहीत असायला हवी होती! पावसाळ्याच्या पहिल्या ट्रेकला दर वर्षी कोणाच्या तरी बुटाचा सोल लोहगडच्या पायऱ्यांवर पावासारखा भुगा होऊन पडतो, मग तो माणूस सुतळीने बूट बांधून खाली उतरतो आणि आम्ही त्याचे फोटो काढतो. तोच आजार. किती जणांना हसलेय मी. तर दहा वर्षं, म्हणजे दहा पावसाळे आणि दहा मे महिने, माझे बूट माळ्यावर त्या पत्र्याखालच्या उकाड्यात मुरत होते, लोणच्यासारखे.

असो. यंदा भाचा मागे लागला, मलाही ने. ताईची एकच अट होती, हातपाय मोजून परत आण. महिनाभर त्याला बिल्डिंगचे सात मजले चढ-उतार करायला लावलं, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायला लावलं, मांड्या थरथरेपर्यंत. तो म्हणाला मावशी ही शिक्षा आहे की सहल. मग बांद्रा टर्मिनसला जायला निघालो. स्की घेऊन लोकलने जायचं म्हणजे मालडबा, आणि विक्रोळीहून दादरपर्यंतच्या मालडब्यात माझी कायमची गंमत ठरलेली. यंदा एक कोळीण मावशी पाटीवर बसल्या होत्या, बॅगेतून स्कीची टोकं बाहेर आलेली बघून म्हणाल्या, "आगो बाय, ही वल्ही कुठं नेतेस?" मी म्हटलं वल्ही नाहीत मावशी, बर्फावर घसरायचं असतं. त्यावर त्या, "बर्फ? मंग आमच्या भाऊच्या धक्क्याला ये की, रोज टनानी पडतोय." अख्खा डबा हसला. भाचा लाजून दाराकडे तोंड करून उभा.

हरिद्वारपर्यंत स्की खालच्या बर्थखाली मावतात, पाहुणे मंडळी पाय ठेवतात त्यांच्यावर, चालतं. पुढे ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग करत. भाच्याने देवप्रयागला ओकायला सुरुवात केली आणि नंदप्रयागला संपवली.

जोशीमठला पोचलं की मला दरवेळी आत कुठेतरी हलतं. आधी इथूनच रोपवे निघायचा औलीला, साधारण चार किलोमीटरचा, 10 टॉवर, देवदाराच्या झाडांवरून तरंगत जायचं. जानेवारी 2023 मध्ये गावातल्या घरांना तडे गेले, जमीन खचली, शेकडो घरं, आणि तेव्हापासून रोपवे बंद. त्या फेब्रुवारीत मी गेले होते तेव्हा दारांवर लाल फुल्या मारलेल्या होत्या. एका फुलीच्या दाराबाहेर एक आजी गहत निवडत बसल्या होत्या, रोजच्यासारख्या. गावच मुळात जुन्या दरडीच्या मातीवर वसलंय, बांधकाम जपून करा म्हणून सरकारनेच नेमलेल्या मिश्रा समितीने 1976 सालीच सांगून ठेवलेलं. आता जीपने जायचं, वळणावळणाने. पण औलीत अजूनही पत्ते टॉवरच्या नंबरावरच चालतात, आठ नंबरला भेटू, दहा नंबरच्या वर बर्फ चांगला आहे. केबिन फिरत नाही, नंबर मात्र चालू आहेत.

पहिले दोन दिवस ऊन, निळं आकाश, समोर 7816 मीटरचं नंदादेवी. सुंदर होतं, फोटो आहेत, इन्स्टावर बघा. भाच्याला मी स्नोप्लाव सामोसा म्हणून शिकवला, टोक पुढे, पसारा मागे. "सामोसा कर! मोठा सामोसा! अरे सामोसाऽऽ!" असं मी आख्ख्या उतारावर ओरडत होते आणि दिल्लीचा एक ग्रुप खाली येऊन खरंच विचारून गेला की सामोसे कुठे मिळतायत.

तिसऱ्या दिवशी वेस्टर्न डिस्टर्बन्स आला. हे प्रकरण असं की हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून ओलावा घेऊन वाऱ्यांची साखळी पूर्वेकडे निघते, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत हिमालयाला येऊन धडकते, आणि औलीला जो काय बर्फ मिळतो तो बराचसा हिच्या कृपेने. म्हणजे ज्या हवेसाठी आपण देव पाण्यात ठेवतो तीच आली की बाहेर पडवत नाही. आपल्याकडे पावसाचं तसंच नाही का. मान्सून आला की नाचायचं आणि दुसऱ्या दिवशी कुर्ल्याला ट्रॅकवर पाणी.

सकाळी उठलो तर खिडकीबाहेरच्या तापमापकावर उणे 9. मी रात्री नळ थेंबथेंब चालू ठेवला होता, नाहीतर पाइपातच गोठतं, पण भाच्याने झोपेत उठून "मावशी पाणी वाया जातंय" म्हणून बंद केला. मुंबईचं पोर, संस्कार चांगले. मग आंघोळ तर सोडाच, दात घासायलाही किटलीचं पाणी. कपडे घालायलाच अर्धा तास जातो, आत थर्मल, मग फ्लीस, मग वारा अडवणारं जाकीट. हा पठ्ठ्या सगळ्यात आत सुती बनियन घालून तयार. म्हटलं काढ ते आधी. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि लिफ्टवर बसलं की तोच घाम अंगाला गार पट्टीसारखा चिकटतो. फोन आतल्या खिशात, छातीशी, नाहीतर 60 टक्क्यांवरून थेट बंद.

थंडीपेक्षा वारा वाईट, हे सांगून कळत नाही. हवा उणे 10 असेल आणि वारा ताशी 30 किलोमीटरचा, तर उघड्या कातडीला ते उणे 20 सारखं लागतं. गॉगल आणि कानटोपीच्या मध्ये करंगळीएवढी फट राहिली होती माझ्या कपाळावर, तिथे कोणीतरी बर्फाचा गोळा दाबून धरल्यासारखं, दातापर्यंत कळ. आईस्क्रीम घाईघाईत खाल्ल्यावर येते ना तशी, पण न थांबणारी.

आणि बर्फही त्या दिवशी वेगळाच. मराठीत आपल्याकडे बिचारा एकच शब्द, बर्फ, गोळेवाल्याचाही बर्फ आणि डोंगरावरचाही बर्फ. हिम म्हणावं तर आपण शाळेच्या पुस्तकात असल्यासारखं वाटतं. गढवालीत पडणाऱ्या बर्फाला ह्यूं म्हणतात. पावसाला कसे आपल्याकडे शब्द आहेत, भुरभुर, रिपरिप, सर, झड, कारण तो आपल्या अंगावर पडतो. तर त्या दिवशी रात्रीतून चार बोटं ताजा पडला होता, पिठासारखा, पण खाली जुना, दोन दिवस उन्हात वितळून रात्री गोठलेला, फरशीसारखा. आणि गंमत म्हणजे फार थंडीत स्की पळत नाही. घर्षणाने तळाशी पाण्याचा पातळसा थर तयार होतो त्याच्यावर आपण घसरतो, आणि बर्फ फारच गार असला की तो थर नीट होतच नाही, मग जुहूच्या वाळूतून स्की ओढतोय असं वाटतं. म्हणजे आधी वाळू, मग अचानक वाऱ्याने पीठ उडवून नेलेला तुकडा आला की फरशी, मग परत वाळू. गुडघे रामराम म्हणतात.

भाचा म्हणाला आज नको ना जाऊया, खोलीत पत्ते खेळू. आणि इथे मी मावशीपणा केला. त्याला म्हटलं 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटाच खेळाडू होता, आरिफ खान, गुलमर्गजवळच्या टंगमर्गचा. त्याच्या जायंट स्लालमच्या, म्हणजे झेंड्यांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीच्या दिवशी धो धो बर्फ पडत होता, समोरचं दिसत नव्हतं, जगातले एकेक मोठे खेळाडू धरून जवळपास निम्मे शेवटपर्यंत पोचलेच नाहीत, आणि आपला आरिफ दोन्ही रन पूर्ण करून 45 वा आला. भाच्याने विचारलं, "आणि तू कितवी येणार आहेस?"

चेअरलिफ्ट चालू होती. 800 मीटरची आहे, उघड्या खुर्च्या, पाय लोंबकळत. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्यांदा वर उतरलो आणि पाचच मिनिटांत वाऱ्यामुळे लिफ्ट बंद केली, आणि मग ढग आला. वरून नाही, खालून आला, दरीतून, दूध उतू जातं तसा.

पांढऱ्यात हरवणं हे धुक्यासारखं नसतं. माळशेजच्या धुक्यात निदान पायाखालचं दिसतं. इथे ढग प्रकाश सगळीकडून सारखा पसरवतो, कशाचीच सावली पडत नाही, त्यामुळे उंचवटा कुठला, खड्डा कुठला, उतार किती, काही म्हणजे काही कळत नाही, स्वतःच्या स्कीची टोकं कागदावर काढल्यासारखी अधांतरी दिसतात. मी उभी आहे असं समजून सामोसा धरून होते आणि चक्क घसरत होते. उलट एकदा घसरतेय असं वाटून मागे रेलले तर जागच्या जागी उभी, आणि पडले. पोटात ढवळतं त्याने, बोट लागल्यासारखं.

भैजींनी शिकवलेलं आठवलं. मोकळ्या उताराच्या मध्ये राहायचं नाही, झाडांच्या कडेला जायचं, झाडाचं खोड दिसलं की डोळ्याला धरायला काहीतरी मिळतं. आणि पुढे काय आहे कळत नसेल तर बर्फाचा गोळा करून पुढे टाकायचा, तो कुठे पडला, गडगडला की गडप झाला त्यावरून उतार कळतो. पण आमच्या बाजूला त्याहून बरं होतं, लिफ्टचे खांब. एका खांबापाशी उभं राहायचं, पुढचा दिसेपर्यंत हलायचं नाही, ढग जरा विरळ झाला की त्या खांबापर्यंत जायचं. भाचा पुढे, मी मागे, आवाजाच्या अंतरावर. तो मोठा सामोसा करून, मुंगीच्या पावलाने, पण जात होता. मी मात्र, काय सांगू, खांब दिसल्याच्या आनंदात एक झोकदार वळण घेतलं. दहा वर्षांचा अनुभव ना. फरशीचा तुकडा लागला, टाच दाबली, आणि कटकन आवाज. मला वाटलं हाड. एक सेकंद पूर्ण थंडगार झाले, बाहेरच्या थंडीशी काही संबंध नसलेली थंडी ती. पण दुखेना. बघते तर बूट.

टाचेकडची जी कड बाइंडिंगमध्ये बसते ती अख्खी सुटून आलेली. तुटलेल्या जागी प्लास्टिक शिळ्या चीजसारखं, बोटाने दाबलं की भुगा. आणि त्या भगदाडातून आतला राखाडी लायनर दिसतोय. स्की दोन हातांवर जाऊन थांबली होती, बूट निघाला की ब्रेकचे दोन काटे आपोआप खाली येतात म्हणून, नाहीतर गेलीच होती जोशीमठला.

अशा बुटावर स्की बसत नाही. म्हणजे चालत. दोन्ही स्की खांद्यावर, एका पायात धड बूट, दुसऱ्यात फुटका, प्रत्येक पावलाला त्यातून बर्फ आत. आणि खालच्या खांबापासून माझा भाचा अत्यंत सिन्सिअरली ओरडतोय, "मावशी, घाबरू नको, सामोसा कर!"

400-500 मीटर असेल उरलेलं. पाऊण तास लागला. त्यातली शेवटची वीस मिनिटं उजव्या पायाची बोटं दुखायची थांबली, आणि हे चांगलं लक्षण नाही हे मला ठाऊक होतं, त्याला सांगितलं नाही. तो मात्र प्रत्येक खांबाला थांबून माझी वाट बघत होता, वारा पाठीवर घेत, मी आले की एक शब्द न बोलता पुढच्या खांबाकडे निघायचा. सकाळी पत्ते खेळू म्हणणारा हाच. मीच त्याला बाहेर काढला होता.

खोलीत येऊन मोजा काढला तर तीन बोटं मेणासारखी पांढरी, टोचलं तरी कळेना. ढाब्यावरचा एक मुलगा मदतीला आला होता, तो म्हणाला बर्फाने चोळा, त्याच्या काकांनी पण तेच सांगितलं. अजिबात चोळायचं नसतं, कातडी सोलवटते. हीटरला पण पाय लावायचा नाही, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. कोमट पाणी, 37 ते 39 अंश, बस. थर्मामीटर कुठला आणायचा, मी भाच्याला म्हटलं बाळाच्या आंघोळीचं पाणी आजी कसं बघते, कोपर घाल. त्याने बाही वर करून बादलीत कोपर घातलं, "ओके वाटतंय." मग पाय सोडला आणि दहा मिनिटांनी जे काय सुरू झालं ते, विंचवाने चावून चावून परत चावलं तर कसं होईल. डोळ्यातून घळाघळा पाणी. पण बोटं गुलाबी झाली, फोड आले नाहीत, वाचले.

संध्याकाळी भैजी आले, बूट हातात घेऊन उलटासुलटा केला, अंगठ्याने दाबला, भुगा पडला. "दीदी, ये तो बूढ़ा हो गया था। बंबई की हवा।" मग दुसरा धड बूट घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि टाच दगडी पायरीवर आपटली. तोही गेला. म्हणजे डावा काय नि उजवा काय, त्या दिवशी लॉटरीच होती. उरलेले दिवस भाड्याच्या बुटात काढले, एक नंबर मोठे, आत दोन मोजे घालू नये असं मी सगळ्यांना सांगत असते, ते घालून.

ताईला काही सांगितलेलं नाही. भाच्याशी तसा करार झालाय, त्या बदल्यात पुढच्या वर्षीचं तिकीट माझ्याकडून. आता रेल्वेचं बुकिंग 60 च दिवस आधी उघडतं, त्याने मोबाइलमध्ये आत्ताच रिमाइंडर लावून ठेवलाय, आणि सोसायटीच्या जिन्यात परवा तो एकटाच वर-खाली करताना दिसला.

टाचेचा तुकडा मी आणलाय, बॅलार्ड इस्टेटच्या ऑफिसात टेबलावर कागद दाबायला ठेवलाय. रोज थोडा भुगा पडतो, झाडूवाली वैतागली आहे. स्की माळ्यावरून खाली आल्या, कॉटखाली गेल्या. मेण लावायचंय अजून, मे संपत आला, आज 34 आहे आणि घाम असा की इस्त्रीला हात लावायची इच्छा नाही.

तर कोणाकडे बायकांचे स्कीचे बूट असतील, 24.5 साइज, म्हणजे पाऊल साडेचोवीस सेंटीमीटर, तर कळवा. मुंबईतल्या माळ्यावरचे नकोत. पुण्याचे चालतील, पण दाबून बघेन.